खांबाला बांधलेली ब्लांदिना

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेच्या विश्वस्त मंडळाचे ज्येष्ठ सदस्य माननीय सीतारामजी आढाव, व्यासपीठावर बसलेले आदरणीय पाळकसाहेब, ज्यांच्या हाताखाली माझ्यासारख्या शेकडो मुली घडल्या त्या सत्कारमूर्ती सगुणाबाई हिवाळे, सर्व शिक्षकवर्ग, मंडळीतले वडीलधारे, माझ्या बरोबरीच्या माजी विद्यार्थिनी, आणि समोर सतरंजीवर मघापासून चुळबुळ करणाऱ्या छोट्या मुलींनो, तुम्हा सगळ्यांना माझा जय ख्रिस्त.

मी शुभदा लोंढे. चौऱ्याऐंशी साली याच शाळेत सातवीत होते आणि शाळेच्याच वसतिगृहात राहायचे. आता राहते मोहन्याला, नोकरी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत, टायपिस्ट म्हणून. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'मनोगत, पाच मिनिटे' असं छापलंय, आणि माननीय अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला दिसतंय. बरं केलंत साहेब. आज वेळेकडे लक्ष ठेवायलाच हवं. माझ्या भाषणानंतर लगेच नाटक आहे, 'वीरकन्या ब्लांदिना', बाईंनी बसवलेलं शेवटचं.

तर मघाशी साडीची पिन सुटली म्हणून मी पडद्यामागे गेलेले. तिथे नाटकातला खांब उभा आहे आणि त्या खांबाला सातवीतली शेवंती बांधलेली आहे. काथ्याच्या दोरीने, हात मागे घेऊन. कधीपासून? पाळकसाहेबांच्या सुरुवातीच्या प्रार्थनेच्या आधीपासून. म्हणजे प्रार्थना झाली, स्वागतगीत झालं, हारतुरे झाले, परिचय झाला, तीन भाषणं झाली, आणि ती तिथे उभीच आहे. पाऊण तास तर झालाच. मी विचारलं, "पाणी आणू का गं?" तर म्हणाली, "नको ताई, ओठ ओले दिसतील. बाईंनी सांगितलंय, ओठ सुकलेले पाहिजेत."

आत्ता इथे कोणीतरी म्हणालं, "किती गुणाची!" हो, आहेच ती गुणाची. म्हणून तर तिला निवडलंय.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, मग तिथेच सोडायची होतीस, इथे येऊन भाषण काय ठोकतेस? बरोबर आहे. मी गाठीला हात लावलेला. मागून आमचे शिपाई नामामामा म्हणाले, "शुभे, बाईंना इचारल्याबिगर नको गो." आणि माझा हात मागे आला. चोवीस वर्षांची घोडी मी, ऑफिसात साहेबाला तोंडावर उलट बोलते, आणि बाईंचं नुसतं नाव ऐकून मागे फिरले. सांगायची लाज वाटते. पण म्हणूनच इथे आलेय. इथे माईक आहे, आणि गळ्यात एवढे हार असताना बाईंना उठून मला गप्प करता येणार नाही.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी मागाहून म्हणायला नको की पोरगी कशासाठी आली ते कळलं नाही. नाटक सुरू होण्याआधी शेवंतीला सोडा. बास. नाटक करायचं तर मोकळ्या हातांनी करू दे. आणि तिच्या पायाशी जी शेगडी मांडलीय ती उचला. पहिल्या रांगेतल्यांना रॉकेलचा वास येतोय ना? ते निखारे पेटवणं चाललंय. मधली बारा वर्षं लाल कागद आणि आत बल्ब यावर भागवलं, पण हे बाईंचं शेवटचं नाटक, म्हणून त्यांच्या इच्छेखातर यंदा खरा विस्तव.

साहेब, घड्याळ हलवू नका. मला दिसतंय.

निरोपाच्या दिवशी चांगलं बोलावं अशी रीत आहे, आणि बाईंबद्दल चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. खोटं कशाला बोलू? माझं अक्षर बाईंनी वळवलं. मला चष्मा लागलाय हे घरच्यांच्या आधी बाईंना कळलं. टायपिंगच्या क्लासला मला बाईंनीच घातलं, आज दोन घास खाते ते त्यांच्यामुळे. दर वर्षी नाटकाआधीचे तीन दिवस आम्हाला उपास असायचा, तो बाई स्वतःही धरायच्या. त्यांच्या डोळ्यांत खोट नव्हती. मला त्याचाच जास्त राग येतो. खोटारडी बाई असती तर माझं काम सोपं झालं असतं.

ब्लांदिना कोण, हे मंडळीबाहेरच्या पाहुण्यांना माहीत नसेल. अठराशे वर्षांपूर्वी रोमन लोकांच्या अमलाखाली एका शहरात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. त्यात ही एक दासी होती. हाडकुळी, नाजूक. तिची मालकीणही त्याच धर्माची, तीही पकडली गेलेली. आणि त्या मालकिणीला भीती काय, तर ही आपली दासी, हिच्या अंगात ताकद नाही, ही टिकणार नाही. पण ती टिकली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मारणारे आळीपाळीने मारत होते आणि शेवटी तेच थकले. तिला मैदानात खांबाला बांधून जनावरं सोडली, जनावरांनी शिवलं नाही. चाबकाने फोडलं, तापलेल्या लोखंडावर बसवलं, शेवटी जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकलं. एक शब्द म्हटला असता तर सुटली असती. नाही म्हटला. मी अजूनही चर्चमध्ये एकटी बसते तेव्हा तिची आठवण काढते. तिच्यापुढे माझं डोकं टेकतं, इथे कोणाला शंका नको.

पण तिथे मैदान होतं, आणि मैदानाला बसायला पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर लोक घरून खाऊ घेऊन यायचे. हे आम्हाला नाटकात कधी सांगितलं नाही.

आता पात्रं कशी निवडायचे बघा. राणी, देवदूत, राज्यपालाची बायको ही कामं विश्वस्तांच्या आणि मंडळीतल्या बड्या घरच्या मुलींना. ब्लांदिना मात्र दर वर्षी वसतिगृहातली. का? बाई म्हणायच्या, "ती दासी होती गं, दासीचं सोंग तुमच्या घरच्यांनाच शोभतं." आम्हाला केवढा अभिमान वाटायचा! बाईंच्या सव्वीस वर्षांत अध्यक्षांच्या घरातली एकही मुलगी त्या खांबाला लागली नाही. बाप बसलेत विश्वस्त मंडळात, मुलीच्या मनगटाला काथ्या कसा लागेल? नाही साहेब, हसण्यावारी नेऊ नका, मी तुमच्याशीच बोलतेय.

मला बांधलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाईंचे नियम तीन. अर्धा तास आधी बांधायचं, म्हणजे चेहऱ्यावर खरं येतं. पाणी द्यायचं नाही. आणि ओरडायचं नाही, काहीही झालं तरी. "हुतात्मा ओरडत नाही शुभदा. जी ओरडते तिचा विश्वास कच्चा." मी म्हटलं, "बाई, दोरी फार काचतेय." बाई म्हणाल्या, "मलाही बांधलेलं लहानपणी, माझ्या बोर्डिंगच्या मॅडमनी. माझं काही बिघडलं?" तेव्हा मला वाटलं, खरंच, काही नाही बिघडलं.

शेगडी माझ्या पायाशी, तिच्यापुढे लाल कागद, मागे टेबलफॅन. फॅनच्या वाऱ्याने लाल कागदाच्या झिरमिळ्या वर उडायच्या, म्हणजे ज्वाळा. तिसऱ्या प्रवेशात एक झिरमिळी निखाऱ्यावर गेली. तिथून माझ्या अंगातल्या पांढऱ्या झग्याला. नायलॉनचा झगा, बाजारातून स्वस्तात आणलेला. तो जळत नाही, वितळतो. वितळून माझ्या पोटरीला चिकटला.

मी ओरडले. सगळे नियम विसरून, गळा फाटेस्तोवर ओरडले, "आई गं, सोडा, मला सोडा!"

आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

स्टुलावर उभा असलेला देवदूत, म्हणजे अध्यक्षांची कन्या, तिला दिसलं. ती म्हणाली, "ए, खरंच पेटलंय!" तर लोक हसले. देवदूताच्या तोंडी संवादच नव्हता ना, सगळ्यांना वाटलं पोरगी काम विसरून मध्येच बोलली. बाई विंगेत उभ्या होत्या, माझ्यापासून चार हातांवर. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

नामामामांनी पडदा सोडला आणि ओलं गोणपाट आणून माझ्या पायावर दाबलं. आग विझली. मला वाटलं, संपलं, आता सोडतील. नामामामांनी गाठीला हात घातलासुद्धा. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, पहिल्या रांगेतून, चांगला भरदार आवाज.

"वन्स मोअर!"

कोणाचा होता साहेब? आठवतंय? त्या वर्षी तुम्ही अध्यक्ष नव्हतात, प्रमुख पाहुणे होतात. एकाने म्हटल्यावर मग काय, सगळा हॉल. गाण्याला वन्स मोअर मिळतो हे मला माहीत होतं. किंकाळीला मिळालेला मी पहिल्यांदाच ऐकला. यात तुमची चूक नाही असं म्हणता येईल. तुम्हाला काय ठाऊक, खरं होतं ते? पण बाईंना ठाऊक होतं. बाईंनी माझ्या पायाकडे बघितलं, नामामामांचा हात गाठीवरून बाजूला केला आणि माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "एकदाच शुभदा. फक्त एकदा. लोक उभे राहिलेत बघ."

पडदा पुन्हा उघडला. दुसऱ्यांदा मला ओरडता आलं नाही. तोंड उघडलं, आवाज आला नाही. लोकांची निराशा झाली असणार. टाळ्या पडल्या, पण पहिल्याइतक्या नाही.

चुळबुळ करू नका. ज्यांना ऐकवत नसेल त्यांनी बाहेर जावं, चहा तयार आहे. मी दोन महिने दवाखान्यात होते. तिथल्या केसपेपरवर लिहिलंय, घरी चहा करताना स्टोव्हचा भडका. माझी आई कांता वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिने त्या कागदावर अंगठा दिला. तिची नोकरी आणि माझं फुकट शिक्षण, दोन्ही एकाच हातात होतं, मग करणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गुडघ्यामागची कातडी आखडली ती आखडलीच. मी मघाशी पायऱ्या चढताना तुम्ही माझी चाल बघितलीत. दोघी-तिघींनी "अगंबाई" म्हटलेलं मला ऐकू आलं.

बाई दर रविवारी भेटायला यायच्या. एकदा पदक घेऊन आल्या, 'धैर्य पदक'. उशाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "ओरडली नसतीस तर फार सुंदर झालं असतं गं." रागाने नाही हो, हळहळून. मी तोंड फिरवून रडले. कशासाठी? पाय भाजला म्हणून नाही. माझा विश्वास कच्चा निघाला म्हणून.

त्या वेळचे आपले पाळक, आता ते देवाघरी आहेत, तेही एकदा आलेले. मी त्यांना विचारलं, "मी ओरडले, मग देव मला घेणार नाही का?" ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मला फेलिसिताची गोष्ट सांगितली. ती गोष्ट या हॉलमध्ये कधी झाली नाही, म्हणून मी सांगते. तीसुद्धा दासीच. श्रद्धेपायी तुरुंगात टाकलेली, आणि पोटुशी, आठवा महिना. तुरुंगातच बाळंत झाली. कळा सोसेनात म्हणून ती ओरडली. मोठ्याने ओरडली. पहारेकरी हसला, म्हणाला, आत्ताच एवढी ओरडतेस, मग जनावरांपुढे टाकतील तेव्हा काय करशील? तिने सांगितलं की आत्ताचं दुखणं माझं आहे, ते मी सोसतेय. तिथे माझ्या आत आणखी कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे. मुलगी झाली तिला. ती मुलगी मंडळीतल्या एका बाईने वाढवली. आणि फेलिसिता मैदानात गेली. ओरडलेली बाई गेली. तिची मोजदाद हुतात्म्यांतच होते. पाळक म्हणाले, "तू ओरडलीस हे चांगलं केलंस पोरी. ऐकायचं काम आमचं होतं." पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. का झाली ते मला माहीत नाही, विश्वस्तांना माहीत असेल.

मला एवढंच कळतं की ब्लांदिना काय, फेलिसिता काय, त्या स्वतःच्या पायांनी उभ्या राहिल्या. त्यांना दुसऱ्याच्या नाटकासाठी कोणी उभं केलं नव्हतं. जीव त्यांचा होता, त्यांनी दिला. बाई, तुम्ही ज्यांचे जीव टांगलेत ते तुमचे नव्हते. माझा तुमचा नव्हता, शेवंतीचा तुमचा नाही.

साहेब, चिठ्ठी पाठवू नका, मी वाचणार नाहीये.

बाई, मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारते. त्या दिवशी तुम्ही माझा पाय बघितलात. आग खरी होती हे तुम्हाला कळलेलं. हो की नाही? मान तरी हलवा.

हार नीट करू नका, हार चांगला आहे. माझ्याकडे बघा.

बरं. नका सांगू. ते झालं गेलं, माझा पाय काही सरळ होणार नाही. पण आज तरी तोंडाने सांगा, "नामा, पोरीला सोड." तीन शब्द. तुमच्या शब्दावर नामामामा आत्ता सोडतील. सव्वीस वर्षांत तुमचा शब्द त्यांनी मोडला नाही.

नाही?

रंभाबाई, तुम्ही शेवटच्या रांगेत आहात ना? ही शेवंतीची आई हो, डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करते. आज खाडा करून आलीय लेकीचं नाटक बघायला. रंभाबाई, उठा. तुम्ही आई आहात, तुम्ही म्हटलंत तर कोणाची टाप आहे तुम्हाला अडवायची? या पुढे.

काय म्हणताय? मोठ्याने बोला, लाजू नका.

"राहू दे बाय. तिची हास्टेलची सीट जाईल. येवढं नाटक होऊन जाऊ दे."

ठीक आहे. बसा. मी तुम्हाला बोल लावत नाही. माझ्या आईनेही अंगठा दिलेलाच. बसा तुम्ही.

मग राहिली ती स्वतः. शेवंती! ऐकू येतंय का गं? मी शुभदाताई. मी तुला सोडवायला आत येतेय. घाबरू नकोस, तुला कोणी काही करणार नाही.

काय? परत सांग.

पहिल्या रांगेतल्यांनी ऐकलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, त्यांच्यासाठी मी माईकवर सांगते. ती म्हणतेय, "ताई, मला सोडू नका. मी नाही ओरडणार. मी तुमच्यासारखं नाटक खराब नाही करणार."

अच्छा.

म्हणजे बारा वर्षं या शाळेत माझी ही गोष्ट सांगितली जातेय. शुभदा लोंढे, जिने ओरडून नाटक खराब केलं. आणि मी मूर्ख, मला वाटलं निदान पाय तरी आठवत असेल कोणाला.

माननीय अध्यक्ष, माझी पाच मिनिटं केव्हाच संपलीत, ऐकून घेतलंत त्याबद्दल तुमची आणि विश्वस्त मंडळाची आभारी आहे. हिवाळे बाईंना पुढचं आयुष्य आरोग्याचं जावो. बोलण्याच्या भरात कोणाच्या वयाचा, कोणाच्या पदाचा मान राहिला नसेल तर धाकटी समजून पोटात घाला. नामामामा, आधी ती शेगडी उचला, मग पडदा उघडा. नाहीतर मी उघडते. आणि टेबलावरची ती केक कापायची सुरी द्या इकडे, काथ्याच्या गाठी हाताने सुटत नाहीत. ती नको म्हणेल, रडेल, मला शिव्या देईल, तरी मी दोर कापणार आहे. बाकीच्यांनी उठायची तसदी घेऊ नये. नमस्कार.